शिक्षकाची सनद आणि शेजाऱ्याचा इतिहास

शिक्षक होऊं इच्छिणाऱ्या माणसाला काय काय आलें पाहिजे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपलें उत्तर ठरलेलें असतें. त्याला आपला विषय यावा, आणि तो मुलांना समजेल अशा रीतीनें सांगतां यावा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानानें १९८९ सालीं या दोन अपेक्षांच्या जोडीला एक तिसरी अपेक्षा कायद्यानें आणून बसविली. ज्याला शिक्षकाची सनद हवी, त्यानें संस्थानांत राहणाऱ्या मूलनिवासी जमातींचा इतिहास, त्यांची संस्कृति आणि त्यांचें सार्वभौमत्व यांचें शिक्षण घेतलेलें असलें पाहिजे. एरव्हीं सनद मिळणार नाहीं. हें ऐकून कोणास वाटेल कीं, विद्वानांच्या एखाद्या परिषदेंत निघालेला हा उदार विचार असावा. वस्तुस्थिति तशी नाहीं. या कलमाचा उगम तळ्यांच्या कांठीं, वसंतांतील थंडगार रात्रीं, दगडफेकींत आणि शिवीगाळींत झाला. ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

विस्कॉन्सिनचा उत्तर भाग सुपीरियर सरोवराला लागून आहे. हा प्रदेश घनदाट अरण्यांचा आणि हजारों लहानमोठ्या तळ्यांचा. येथें ओजिब्वे लोकांची वस्ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. सरकारी कागदपत्रांत त्यांनाच चिपेवा म्हटलेलें आढळतें. तळ्यांत आपोआप उगवणारा रानभात, मेपल झाडाच्या रसाची साखर, रानांतील शिकार आणि पाण्यांतील मासे यांवर त्यांचा संसार चाले. हिवाळ्याचें बर्फ वितळलें कीं वॉलआय नांवाचा मासा अंडीं घालण्यासाठीं कांठच्या उथळ पाण्यांत येतो. प्रकाश पडतांच त्याचे डोळे चमकतात. म्हणून ओजिब्वे लोक रात्रीं होडींत मशाली पेटवून निघत आणि भाल्यानें मासा टिपीत. फ्रेंच व्यापाऱ्यांनीं ह्या मशाली पाहिल्या आणि तेथील एका वस्तीला लाक द्यु फ्लांबो, म्हणजे मशालींचें तळें, असें नांव दिलें. तें नांव आजही नकाशावर आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन सरकारची दृष्टि या प्रदेशांतील पाइनच्या लाकडाकडे आणि तांब्याच्या खाणींकडे वळली. १८३७ आणि १८४२ सालीं तह झाले, आणि ओजिब्वे लोकांनीं विस्तीर्ण भूमि सरकारच्या स्वाधीन केली. परंतु दोन्ही तहांत एक गोष्ट त्यांनीं आपल्या पदरीं ठेवली होती. दिलेल्या भूमीवर शिकार करण्याचा आणि तेथील पाण्यांत मासे धरण्याचा हक्क त्यांचा त्यांच्याकडेच राहणार होता. हा मुद्दा नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व भांडण यावरच उभें आहे. आपल्याकडे एखादा मनुष्य जमीन विकतो आणि खरेदीखतांत लिहून ठेवतो कीं, बांधावरच्या आंब्याचीं फळें व विहिरीचें पाणी यांवरील माझा हक्क मी राखून ठेवला आहे. दोन पिढ्या लोटल्यावर घेणाराचा नातू म्हणूं लागला कीं, ‘आमच्या आजोबांनीं यांच्यावर मेहेरबानी केली होती, आम्ही करणार नाहीं,’ तर आपण त्याला काय सांगूं? आपण त्याला खरेदीखत उघडून दाखवूं. जें विकलेंच नाहीं तें मेहेरबानीनें मिळालें असें म्हणतां येत नाहीं.

अर्थात् बलिष्ठाशीं केलेल्या करारांत कोठें तरी मेख मारलेली असतेच. १८३७ च्या तहांत हा हक्क अध्यक्षांची मर्जी असेपर्यंत चालेल असे शब्द घातलेले होते. १८५० सालीं अध्यक्ष झॅकरी टेलर यांनीं ती मर्जी संपल्याचें जाहीर केलें आणि या लोकांना पश्चिमेकडे हलविण्याचा हुकूम सोडला. तहाप्रमाणें मिळावयाचा वार्षिक पैसा व धान्य नेहमींच्या ठिकाणीं न देतां दूर मिनेसोटांतील सँडी लेक येथें मिळेल, असें त्यांना कळविण्यांत आलें. हजारों लोक तेथें गेले. ठरलेल्या वेळीं कांहींच आलें नाहीं; जें आलें तें अपुरें आणि नासलेलें होतें. भूक, रोगराई आणि परतीच्या वाटेवरील बर्फ यांत त्या हिवाळ्यांत सुमारें ४०० माणसें मेलीं. पुढें १८५२ सालीं नव्वदी ओलांडलेला त्यांचा वृद्ध नायक, इंग्रजींत ज्याला बफेलो म्हणत, तो भूर्जसालीच्या होडींतून निघाला आणि मजल दरमजल करीत वॉशिंग्टनला अध्यक्ष फिलमोर यांच्यापुढें जाऊन उभा राहिला. स्थलांतराचा हुकूम मागें घेण्यांत आला, आणि १८५४ च्या तहानें या लोकांना त्यांच्याच प्रदेशांत राखीव वसाहती मिळाल्या.

तह झाले, कपाटांत गेले, आणि विस्मृतींत पडले. संस्थानानें शिकारीचे व मासेमारीचे आपले कायदे केले आणि ते ओजिब्वे लोकांनाही लागू केले. १९०८ सालीं संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें तर असा निर्णय दिला कीं, विस्कॉन्सिन संस्थान म्हणून संघांत सामील झालें तेव्हांच हे जुने हक्क लोपले. इकडे त्यांचीं मुलें सरकारी वसतिशाळांत नेलीं जात. तेथें त्यांना स्वतःची भाषा बोलण्याची बंदी असे. एकीकडे या मुलांना आपला इतिहास विसरावयास लावलें जात होतें, आणि दुसरीकडे गोऱ्यांच्या मुलांना तो कधींच सांगितला जात नव्हता. शाळा दोन प्रकारच्या होत्या, परंतु त्यांतून निघणारें अज्ञान एकच होतें.

१९७४ च्या मार्च महिन्यांत लाकूदरे वसाहतींतील दोघे बंधु वसाहतीच्या हद्दीबाहेर गोठलेल्या तळ्यावर मासे धरण्यास गेले. हें त्यांनीं उघडपणें आणि जाणूनबुजून केलें. संस्थानाच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना पकडलें आणि खटला सुरू झाला. १९७८ सालीं खालच्या संघ न्यायालयांत जमात हरली. परंतु २५ जानेवारी १९८३ रोजीं वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला. अध्यक्ष टेलर यांचा १८५० चा हुकूम मुळांतच बेकायदा होता, म्हणून १८३७ व १८४२ च्या तहांतील हक्क जिवंत आहेत, असें न्यायालयानें ठरविलें. त्याच वर्षीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें या निकालांत हात घालण्याचें नाकारलें.

कायद्याचा प्रश्न तेथें सुटला, पण माणसांचा प्रश्न तेथेंच सुरू झाला. १९८५ च्या वसंतांत ओजिब्वे लोक पुन्हा वसाहतीबाहेरच्या तळ्यांवर भाले घेऊन उतरूं लागले, आणि पुढील कांहीं वर्षें प्रत्येक वसंतांत होड्या पाण्यांत सोडण्याच्या धक्क्यांवर विरोधकांची गर्दी जमूं लागली. शेंकडों माणसें अंधारांत उभीं राहून शिव्या देत, दगड भिरकावीत, मोटरबोटींनीं लाटा उठवून भालेकऱ्यांच्या होड्या डळमळवीत. माशाला वाचवा आणि इंडियनाला भाल्यावर घ्या, अशा अर्थाचे फलक तेथें उघड मिरविले जात. दर वसंतांत मोठा पोलीस बंदोबस्त ठेवावा लागे. कित्येक गोरे नागरिक मात्र ओजिब्वे कुटुंबांच्या बाजूला मुकाट्यानें साक्षीदार म्हणून उभे राहत, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. तळ्याकांठचें हें विष शाळेंतही पोंचलें. ज्या वर्गांत दोन्हीं बाजूंचीं मुलें एका बाकावर बसत, तेथें बापांची भाषा मुलांच्या तोंडीं येऊं लागली.

विरोधकांचें म्हणणें काय होतें? एक म्हणजे, भाल्यांमुळें तळीं ओस पडतील. या आक्षेपाची संघ सरकार, संस्थान आणि जमाती यांनीं मिळून पाहणी केली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत असें आढळून आलें कीं, भालेकऱ्यांनीं माशांच्या संख्येला कोणताही धोका पोंचविलेला नाहीं. गळ टाकून हौसेनें मासे धरणारे लोक कितीतरी पट अधिक मासे नेत होते. दुसरें म्हणणें असें कीं, सर्वांना एक कायदा आणि यांनाच वेगळा, हा पक्षपात आहे. हें बोलणारीं माणसें निरक्षर नव्हतीं. सार्वजनिक शाळांचा अभिमान वाहणाऱ्या संस्थानांत तीं आठ-दहा वर्षें शिकलेलीं होतीं. परंतु आपण ज्या जमिनीवर घर बांधलें ती आपल्या पूर्वजांकडे कोणत्या कराराने आली, त्या करारांत दुसऱ्या पक्षानें काय राखून ठेवलें, हें त्यांना शाळेनें कधीं सांगितलेंच नव्हतें. सांगणार कोण? त्यांच्या शिक्षकांनाही तें ठाऊक नव्हतें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शिक्षकाला निरनिराळ्या समाजांतील मुलांशीं कसें वागावें याचें शिक्षण द्यावें, ही कल्पना तेव्हां नवी नव्हती. काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणें हें राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निर्णय १९५४ सालीं झाला; त्यानंतर सर्व मुलें एकाच वर्गांत बसूं लागलीं कीं शिक्षकाची तयारी काय, हा प्रश्न देशभर उभा राहिला. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें अशा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीं पैशाची तरतूद केली. १९७० नंतरच्या दशकांत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांनीं मानवी संबंधांचें शिक्षण ही सनदेची एक अटच करून टाकली. म्हणजे तळ्याकांठीं दगड उडत होते तेव्हां त्याच संस्थानांत नवे शिक्षक मानवी संबंधांचे वर्ग पुरे करून बाहेर पडत होते! मग तें शिक्षण कोठें कमी पडलें? माझ्या मतें तें फार सर्वसामान्य होतें. सर्व माणसें समान आहेत, कोणाचा द्वेष करूं नये, हा उपदेश खरा आहे. पण धक्क्यावर उभा असलेला मनुष्यही नेमकें हेंच म्हणत होता. सर्व समान आहेत, मग यांना वेगळा हक्क कां? या प्रश्नाला उपदेशानें उत्तर देतां येत नाहीं. त्याला १८३७ सालचा कागद वाचलेला असावा लागतो.

१९८९ च्या कायद्यानें नेमकी हीच उणीव ओळखली. संस्थानाच्या अंदाजपत्रकाच्या त्या वर्षींच्या ३१ व्या अधिनियमांत हीं कलमें घातलेलीं असल्यामुळें लोक त्याला ‘अधिनियम एकतीस’ या नांवानेंच ओळखतात. प्रत्येक शाळेनें प्राथमिक वर्गांत निदान दोनदां आणि वरच्या वर्गांत निदान एकदां संस्थानांतील जमातींचा इतिहास, संस्कृति व सार्वभौमत्व शिकवावें. आणि १ जुलै १९९१ पासून अल्पसंख्य समाजांशीं असलेल्या संबंधांचें, व त्यांत याच तीन गोष्टींचें, शिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही सनद मिळूं नये, असें ठरलें. संस्थानांत संघ सरकारनें मान्य केलेल्या ११ जमाती आहेत. त्या सर्वांचा यांत समावेश होतो.

या तीन शब्दांतील तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. इतिहास आणि संस्कृति शिकवूं म्हटलें तर पिसांचा मुकुट, ढोल आणि एखादें नृत्य दाखवून मोकळें होतां येतें. शेजारी हा गंमतीचा विषय होतो, आणि तो भूतकाळांतच शोभतो असें मुलांना वाटूं लागतें. सार्वभौमत्व हा शब्द आला कीं शिक्षकाला सांगावें लागतें कीं, हे लोक आज हयात आहेत, त्यांचीं शासनें आहेत, आणि त्यांच्याशीं आपल्या राष्ट्रानें केलेले करार आजही बंधनकारक आहेत.

आतां या कायद्यानें काय साधलें, याचा हिशेब प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. १९९१ नंतर तळ्याकांठची गर्दी ओसरली. परंतु तिचें श्रेय शाळेला देतां येणार नाहीं. न्यायालयाचे मनाई हुकूम, खटल्यांचा अखेरचा निकाल, आणि मत्स्यशास्त्राच्या कामीं संस्थान व जमाती यांनीं धरलेला एकमेकांचा हात, यांनीं तें साधलें. शिवाय कायदा मोडणाऱ्या शाळेस त्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं. कोठें अभ्यास मनापासून झाला, कोठें एका व्याख्यानावर भागविलें गेलें. सनदेवर शिक्का मारतां येतो, मनावर मारतां येत नाहीं.

मग अशा कायद्याचा उपयोग काय? सद्भाव कायद्यानें निर्माण होतो का, असा आक्षेप पुष्कळ लोक घेतात. त्याला उत्तर असें कीं, कायद्यानें येथें सद्भाव मागितलेलाच नाहीं. ज्ञान मागितलें आहे. एखादी मुलगी वर्गांत उठून विचारते, ‘गुरुजी, माझ्या वडिलांना भाल्यानें मासे मारावयाची बंदी आहे, मग तिच्या वडिलांना कां नाहीं?’ आणि जिच्याकडे ती बोट दाखविते ती मुलगी शेजारच्याच बाकावर मान खालीं घालून बसलेली असते. त्या क्षणीं शिक्षक कितीही सुस्वभावी असला तरी त्याचा स्वभाव पुरा पडत नाहीं. उत्तर ठाऊक नसेल तर तो विषय बदलील, आणि त्याचें मौन सबंध वर्गाला एक खोटें उत्तर शिकवून जाईल. उत्तर ठाऊक असेल तर तो फळ्यावर एक सालाचा आंकडा लिहील आणि म्हणेल, ‘मुलांनो, आपल्या गांवाची जमीन आपल्याकडे कशी आली, तें आज पाहूं या.’ मान खालीं घातलेली मुलगी त्या वेळीं वर पाहूं लागेल, आणि प्रश्न विचारणारीलाही आपला अपमान झाला असें वाटणार नाहीं.

श्रोतेहो, आपण शिक्षकापाशीं पुष्कळ गोष्टी मागतों. त्यानें सर्व मुलांवर सारखें प्रेम करावें, असें तर आपण नेहमींच म्हणतों. परंतु ज्याची आपल्याला ओळख नाहीं त्याच्यावर सारखें प्रेम करणें म्हणजे पुष्कळदां त्याच्याकडे सारखेंच दुर्लक्ष करणें होय. विस्कॉन्सिननें हा धडा दोनशें वर्षांच्या इतिहासापेक्षां दोन-चार वसंतांतील रात्रींपासून घेतला, आणि महाग किंमत देऊन घेतला. लाक द्यु फ्लांबोच्या पाण्यावर वसंतांत अजूनही दिवे हलतात. मशालींची जागा विजेच्या दिव्यांनीं घेतली आहे इतकेंच. कांठावरून तें पाहणाऱ्या मुलाला त्या उजेडाचा अर्थ सांगणारा कोणी तरी वर्गांत असावा, एवढीच त्या तिसऱ्या अपेक्षेची मागणी आहे.