गाळलेले कडवे

‘सायलेंट नाइट’ या नावाने जगभर गायले जाणारे नाताळगीत मुळात ‘स्टिले नाख्ट’ हे जर्मन गीत आहे. त्याच्या जन्माची एक कथा रूढ आहे. १८१८च्या नाताळात ऑस्ट्रियातील ओबर्नडोर्फच्या चर्चमधील ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला, म्हणून तरुण धर्मगुरू योझेफ मोर याने घाईघाईने गीत रचले आणि ते गिटारच्या साथीने गायले गेले. कथा गोड आहे. पण संगीतकार फ्रान्ट्स ग्रूबर याने १८५४ साली स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगतीत ना उंदीर आहेत, ना बिघडलेला ऑर्गन. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने कविता हाती दिली आणि दोन आवाज, वृंद व गिटार यांसाठी चाल मागितली, एवढेच तो सांगतो.

१९९५ मध्ये मोरच्या हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली. तीवर काव्यरचनेचे वर्ष १८१६ असे आहे. हा दोन वर्षांचा फरक केवळ कालनिर्णयाचा नाही, अर्थनिर्णयाचाही आहे.

१८१६ साली मोर मारियाफार या डोंगराळ गावी सहायक धर्मगुरू होता. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती. अनेक सत्तांच्या हातून गेलेला साल्झबर्ग प्रांत त्याच वर्षी ऑस्ट्रियाला जोडला गेला. तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५च्या उद्रेकानंतर युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले. साल्झाख नदी नवी सरहद्द ठरली आणि काठावरचे ओबर्नडोर्फ पैलतीरीच्या लाउफेनपासून तुटले. पुढच्याच वर्षी मोर याच दुभंगलेल्या गावी आला.

या पार्श्वभूमीवर मूळ सहा कडवी वाचावीत. गीताची लय पाळण्याची आहे, भाषा लॅटिन नव्हे तर लोकांची. परंतु हा केवळ पाळणा नाही. चौथ्या कडव्यात पित्याचे प्रेम ओसंडते आणि येशू जगातील सर्व राष्ट्रांना भावाच्या मायेने कवेत घेतो. पाचव्यात ईश्वर आपला कोप आवरून साऱ्या जगाला अभय देतो. युद्ध आणि उपासमार पाहिलेल्या श्रोत्यांना ‘राष्ट्रे’ आणि ‘अभय’ हे शब्द अमूर्त वाटले नसणार.

ऑर्गन बांधणाऱ्या कार्ल माउराखरने हे गीत त्सिलरटाल खोऱ्यात नेले. तेथील श्ट्रासर आणि राइनर या गायक कुटुंबांनी ते दूरवर पोहोचवले. १८५९ साली जॉन फ्रीमन यंग यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यात तीनच कडवी आहेत: पहिले, सहावे आणि दुसरे. माता, बालक, मेंढपाळ व देवदूत राहिले. राष्ट्रांना कवेत घेणारा भाऊ गळाला. परिणामी गीतातील शांतता ही निजलेल्या बाळाभोवतीची नीरवता तेवढी उरली. मोरच्या मनातील शांतता त्याहून अवघड होती. ती माणसांमाणसांत पुन्हा जुळलेल्या नात्याची होती.

१९१४च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी जर्मन आणि ब्रिटिश सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. त्या रात्री खंदकांतून हेच गीत ऐकू आल्याच्या आठवणी सैनिकांनी नोंदवल्या आहेत. चौथे कडवे त्यांच्यापैकी किती जणांना पाठ होते, कोणास ठाऊक! पण काही तासांपुरते का होईना, ते त्यांनी जगून दाखवले.