न्यूट्रॉन ताऱ्यांतील अतिप्रवाहिता : एका अनुमानाचा इतिहास

कल्पना प्रथम केव्हा सुचली आणि तिला प्रमाण केव्हा लाभले, हे दोन प्रश्न इतिहासकाराने वेगळे ठेवावयास हवेत. न्यूट्रॉन ताऱ्यांतील अतिप्रवाहिता हे याचे बोलके उदाहरण होय.

सुमारे २.१७ केल्विनखाली द्रवरूप हीलियम सूक्ष्म फटींतून जवळजवळ घर्षणाशिवाय वाहते, असे १९३८ साली मॉस्कोत कापित्झा यांना आणि केंब्रिज येथे ॲलन व मायझनर यांना आढळले. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांवरून अतिसंवाहकतेची उपपत्ती मांडली. तोच विचार अणुकेंद्रास लावताना मिगडाल यांनी १९५९ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांतील अतिप्रवाहितेची शक्यता सुचविली. तोवर असा एकही तारा ओळखला गेला नव्हता.

कोट्यवधी अंश तापलेल्या ताऱ्यात अतिशीत हीलियमचा गुण कसा संभवावा? परंतु ‘शीत’ हा शब्द सापेक्ष आहे. ताऱ्यातील प्रचंड घनतेमुळे न्यूट्रॉनांच्या जोड्या मोडण्यास शंभर कोटी अंशांच्या घरातील तापमान लागते. त्या मानाने जुना न्यूट्रॉन तारा शीतच म्हटला पाहिजे.

१९६७ मध्ये जोसेलिन बेल व अँटनी ह्यूइश यांना स्पंदक तारे सापडले. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स वेधशाळेत राधाकृष्णन व मँचेस्टर यांनी, तसेच कॅलिफोर्नियात रायकली व डाउन्स यांनी, वेला ताऱ्याचा वेध घेतला असता, संथपणे मंदावणारा तो तारा एकाएकी दहा लाखांत सुमारे दोन भागांनी वेगवान झाल्याचे दिसून आले. वाढलेला वेग ओसरण्यास मात्र दीर्घ काळ लागला. अंतर्भाग सामान्य द्रवाचा असता तर कवच व द्रव यांची गती त्वरित जुळली असती. यास्तव बेम, पेथिक, पाइन्स व रुडरमन यांनी त्याच वर्षी अतिप्रवाही अंतर्भागाचा पुरस्कार केला. कवचात अडकलेले द्रवातील भोवरे एकदम सुटून हा झटका बसत असावा, असे स्पष्टीकरण अँडरसन व इटो यांनी १९७५ मध्ये दिले.

२०११ मध्ये कॅसिओपिया-ए येथील ताऱ्याच्या शीघ्र शीतनावरून दोन संशोधकगटांनी गाभ्यातही अतिप्रवाहिता असल्याचे प्रतिपादन केले. पुढे मोजमापातील दोषांमुळे त्या शीतनाच्या प्रमाणाविषयीच शंका उपस्थित झाली. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, तसे हे ज्ञान आहे. वेलाच्या बाबतीत धूर निश्चित आहे. कॅसिओपियाच्या बाबतीत तो धूर की धुके, हे आधी ठरावयास हवे. दोन्ही प्रमाणांस एकच वजन देणे इतिहासलेखनास मानवणारे नाही.