शेजार दोन चुंबकांचा

मुंबईत विजेच्या ट्रॅम आणायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच पडला. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी होत होत्या. ट्रॅमच्या विद्युतप्रवाहाचे चुंबकक्षेत्र त्यांत मिसळले असते. संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणून नोंदींची साखळी तुटली नाही. १९०७ मध्ये ट्रॅम धावल्या.

चुंबकीय व्यत्यय टाळायचा तर दूर जावे. पण दोन्ही उपकरणे एकाच माणसाच्या शरीरात असतील तर?

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचा पेसमेकर प्रथमच संपूर्णपणे रुग्णाच्या शरीरात बसवला. पुढे पेसमेकरमध्ये चुंबकाने चालणारी कळ आली. छातीवर चुंबक धरला, की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके विचारात न घेता ठरावीक गतीने चालतात. तपासणीला ही सोय उत्तम. पण कळ डॉक्टरांचा चुंबक आणि परका चुंबक यांत फरक करीत नाही. कोल्हापुरात पृथ्वीचे चुंबकक्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. पेसमेकरच्या बाबतीत १० गॉस ही सावधगिरीची मर्यादा मानतात.

डोक्यात तर जागा आणखी अपुरी. हायड्रोसेफॅलस या विकारात मेंदूच्या पोकळ्यांत साठणारा द्रव नळीने बाहेर काढतात. नळीवरील काही झडपांचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागे, त्वचेखाली व त्वचेबाहेर, एकमेकांना धरून ठेवणारे चुंबक असतात. एकाच मुलाला दोन्ही उपकरणे लागली, तर श्रवणयंत्राचा चुंबक झडपेचा दाब बदलू शकतो. मग द्रव जास्त वाहतो किंवा तुंबतो, दोन्ही धोक्याचेच. म्हणून शल्यविशारद शक्यतो दोन्ही उपकरणे डोक्याच्या विरुद्ध बाजूंना बसवतात आणि झडप पुन्हा तपासतात. नव्या काही झडपांना आपोआप फिरू नये म्हणून खटकाही असतो.

चुंबकाच्या आकाराच्या मानाने अंतर बरेच असेल, तर अंतर दुप्पट होताच त्याचे क्षेत्र एक अष्टमांश होते. चुंबकसूची घेऊन वर्गात हे पडताळून पाहता येते. मात्र वर्गात असे उपकरण बसवलेला विद्यार्थी असेल, तर प्रयोगाचा चुंबक त्याच्या हाती देण्यापूर्वी पालकांमार्फत डॉक्टरांना विचारावे. तोवर त्याने प्रयोग लांबूनच पाहावा.