छावण्या आणि लोककथा

बदलापूर-अंबरनाथाकडून कल्याणला जाणाऱ्या लोहमार्गालगत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजी अंमलाने जी विस्तीर्ण लष्करी छावणी उभारली होती, तिच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित येऊन उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शिधावाटप, बराकींची वाटणी आणि सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे यांची नोंद सरकारी दप्तरांत झाली. परंतु माशावर आरूढ झालेला त्यांचा देव झूलेलाल आणि राजवाड्याचे ऐश्वर्य नाकारून आपल्या मुलखासाठी झुरणारी लोककथेतील मारुई ही दोघेही या निर्वासितांसोबत आली, त्यांना सरहद्दीवर कोणत्याही दाखल्याची गरज पडली नाही.

याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे, अशीच एक छावणी १९४३ पासून नांदत होती. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हद्दपार केलेली आणि तेथून इराणमार्गे सुटून आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, करवीर संस्थानाच्या आश्रयाने तेथे राहिली. त्यांनी शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारले, नाटके व लोकनृत्ये बसविली. १९४८ पर्यंत ती निघून गेल्यावर त्याच वस्तीत सिंधी कुटुंबे आली आणि तिचे गांधीनगर झाले. एका स्लाव्ह जमातीची आणि सिंधची विस्थापित वस्ती एकाच भूमीवर पाठोपाठ नांदावी, ही घटना आपल्या इतिहासलेखकांनी जितक्या आस्थेने पाहावयास हवी होती तितकी पाहिली नाही, असे मला वाटते.

त्या पोलिश लोकपरंपरेचे पुढे काय झाले, हे जाणण्यासाठी वॉर्साकडे वळावे लागते. आंद्रजेय सापकोव्स्की यांनी १९८६ साली एका मासिकासाठी लिहिलेल्या कथेत मोल घेऊन पिशाचांचा बंदोबस्त करणारा एक भटका नायक प्रथम अवतरला. त्याच्यावरून तेथील सीडी प्रोजेक्ट या संस्थेने २००७ मध्ये ‘द विचर’ हा संगणकीय खेळ निर्माण केला, ज्यात खेळणारा स्वतःच तो नायक होऊन गावोगाव हिंडतो, शस्त्र चालवितो आणि गावकऱ्यांच्या तक्रारींचा निवाडा करतो. ऐन माध्यान्ही शेतात प्रकटणारी शुभ्रवस्त्रा, अरण्याचा रक्षक, पाण्यात बुडून मेलेल्यांची भुते, ही सारी स्लाव्ह खेड्यांतील भीती या खेळांच्या मालिकेत सगुण झाली आहे. २०११ साली पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना दिलेल्या नजराण्यात या मालिकेतील दुसरा खेळ होता. आजीच्या गोष्टींना राजदरबारी मिळालेला हा मान मला विलक्षण वाटतो.

भर दुपारी चिंचेखाली जाऊ नये, तिन्हीसांजेला मुलांना बाहेर सोडू नये, हे आपल्याकडेही सांगतच आले आहेत. ठाणे जिल्ह्याच्या रानांत वाघोबाचे शेंदरी पाषाण आहेत, वेशीवर वेताळ आहे, आणि अंबरनाथला वालधुनीच्या काठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाचे शिलाहारकालीन शिवालय आहे, ज्याच्या भिंतींवरील मूर्तिवैभव एखाद्या महाकथेला पुरून उरेल. पुण्याच्या कलावंतांनी २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ पुराणकथा व राजस्थानी वास्तुशिल्प यांच्या आधारे घडविला, म्हणजे कौशल्याची वाण नाही. आता उल्हासनगरच्या वृद्ध सिंधी स्त्रियांसमोर आणि बदलापूरच्या आसपासच्या ठाकर-कातकरी पाड्यांवर कोणी या गोष्टी टिपून घेण्यासाठी वही घेऊन बसावे, आणि तेही लवकर, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.