वेदीवरील मेण आणि त्याचा गंध

ज्युबिलीच्या सोहळ्यासाठीं वेदीवर कोणत्या मेणाच्या बत्त्या लावाव्या, हा प्रश्न आमच्या मंडळींपुढें आला, तेव्हां त्याचें उत्तर दरपत्रकांतच सांपडेल असें आम्हांस वाटलें होतें. मधमाशीच्या मेणाचा दर पॅराफिनच्या दराहून कित्येक पट अधिक; मग वादास जागा कोठें? परंतु एका वृद्ध सद्गृहस्थांनीं तीन तुकडे आणून ते नाकाशीं धरून पाहण्यास सांगितलें. एकास मधाचा मंद वास होता, दुसऱ्यास कसलाच नव्हता, आणि तिसरा, जो बाजारांतील सुवासिक बत्तीचा होता, त्यास गुलाबाचा उग्र दर्प होता. या तीन तुकड्यांच्या निमित्तानें मेणाचा जो इतिहास आम्हीं धुंडाळला, तो वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

युरोपांत सामान्य माणसाच्या घरीं शेंकडों वर्षें जी बत्ती जळत होती, ती मेणाची नव्हेच. ती बैलांच्या व मेंढ्यांच्या चरबीची असे. लंडन शहरांत चरबीच्या बत्त्या करणारांचा एक संघ होता व मेणाच्या बत्त्या करणारांचा दुसरा. पहिल्यास १४६२ सालीं व दुसऱ्यास १४८४ सालीं राजाची सनद मिळाली. मेण जाई देवळांत व धनिकांच्या दिवाणखान्यांत. चरबी इतरांच्या झोंपडींत. चरबीची बत्ती लवकर मऊ पडे, धूर करी, तिची वात काजळून लांब होई व ती वरचेवर कात्रीनें छाटावी लागे. विझवितांना जी दुर्गंधी सुटे, तिचें तर वर्णन न करणेंच बरें. डोळे मिटूनहि माणसास सांगतां यावें कीं आपण गरिबाच्या घरीं आहों कीं श्रीमंताच्या!

मधमाशीच्या मेणास ही व्याधि नाहीं. तें कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून बारीक पापुद्र्यांच्या रूपानें बाहेर पडतें. पूर्वी लोकांची समजूत अशी कीं, माश्या तें फुलांच्या परागांपासून करतात. स्वित्झर्लंडांतील फ्रांस्वा ह्यूबर यानें माश्या कोंडून त्यांस केवळ मध व साखर दिली, तरी त्यांनीं मेण केलेंच. हा ह्यूबर आंधळा होता; आपल्या नोकराच्या डोळ्यांनीं तो पोळीं पाही. उजेड देणाऱ्या वस्तूचा उगम एका आंधळ्यानें सिद्ध करावा, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते.

मध्ययुगांतील धर्मपंडितांनीं या मेणास मोठा अर्थ दिला. माश्या संगावांचून प्रजा निर्माण करतात असें ते मानीत. म्हणून निर्मळ मेण म्हणजे कुमारी मातेपासून जन्मलेलें प्रभूचें शरीर, वात म्हणजे त्याचा आत्मा आणि ज्योत म्हणजे त्याचें देवत्व. राणीमाशीचा संयोग उडतां उडतां आकाशांत होतो हें आज ठाऊक आहे. तथापि मेण करणारी कामकरी माशी संयोग करीत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. पास्काच्या रात्रीं गाइल्या जाणाऱ्या 'एक्सुल्तेत' स्तोत्रांत माश्यांच्या या श्रमाचें स्मरण आहे.

हें मेण सुमारें ६२ ते ६४ अंश उष्णतेस वितळतें. पण आपल्याकडील वैशाखांत वितळण्यापूर्वीच तें वाकूं लागतें. साच्यास तें चिकटून बसतें. म्हणून जुने कारागीर टांगलेल्या वातींवर पळीनें मेण ओतीत व मग बत्त्या फळीवर लाटून गोल करीत. पांढरें करावयाचें तर त्याच्या पातळ फिती उन्हांत वाळत घालीत. उन्हानें पिवळा रंग जातो, आणि त्याबरोबर पुष्कळसा सुगंधहि. जुन्या विधींत मृतांच्या मिस्साबलीस न उजळलेलें पिवळें मेण लावीत. म्हणजे मधाचा वास अधिक यावयाचा तो दुःखाच्या दिवशीं.

अठराव्या शतकांत देवमाशाच्या मस्तकांतील 'स्पर्मासेटी' या द्रव्याच्या शुभ्र, निर्गंध बत्त्या निघाल्या. त्यांची ज्योत इतकी स्थिर असे कीं, १८६० च्या एका इंग्रजी कायद्यानें तीच प्रकाशाचें माप ठरविली. माशांच्या मुळावर उठलेल्या या धंद्याविषयीं अधिक लिहिण्याची आम्हांस इच्छा नाहीं.

गरिबाच्या घरांतील दुर्गंधी घालविली ती रसायनशास्त्रानें. शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, चरबी हें एकच द्रव्य नसून ग्लिसरीन व निरनिराळीं आम्लें यांचें तें संयुग आहे. जळक्या चरबीचा जो वास डोळ्यांत झोंबतो तो या ग्लिसरिनामुळें. ग्लिसरीन वेगळें काढून उरलेलें घट्ट आम्ल दाबून घेतलें, कीं कठीण, पांढरें, वास नसलेलें स्टिअरिन मिळतें. १८२५ सालीं शेव्ह्रल व गे-लुसाक यांनीं याचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं कांबासेरेस यानें विणलेली वात काढली. ती जळतांना आपोआप वांकून ज्योतीच्या कडेला येते व तेथेंच भस्म होते. घरोघरची कात्री गेली. या दोन शोधांनीं गरिबांचें जेवढें भलें झालें तेवढें अनेक राजांच्या हातून झालें नसेल.

१८३० सालीं राइखेनबाख यानें पॅराफिन वेगळें केलें. त्याच्या नांवाचा लॅटिन अर्थ 'ज्याचें कोणाशीं फारसें जमत नाहीं तो' असा आहे. १८५० सालीं जेम्स यंग यानें तें कोळशापासून विपुल काढण्याची रीत पेटंट केली; पुढें तें खनिज तेलापासून निघूं लागलें. आपल्या देशांत आसामांतील डिग्बोईचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना १९०१ सालीं सुरू झाला व तेथील मेण दूरदूर जाऊं लागलें. स्वस्त, स्वच्छ, निर्गंध. उणीव एवढीच कीं तें नरम पडतें, म्हणून त्यांत स्टिअरिन मिसळतात.

स्वस्त मेण आलें तशी भेसळहि आली. शुद्ध मेण सर्वत्र मिळणें कठीण झालें, तेव्हां १४ डिसेंबर १९०४ रोजीं रोमच्या विधिमंडळानें निर्णय दिला: पास्काची मेणबत्ती व मिस्साच्या दोन बत्त्या यांत बहुतांश मधमाशीचें मेण असावें, वेदीवरील इतर बत्त्यांत त्याचा भाग निम्म्याहून अधिक किंवा निदान लक्षांत येण्याजोगा असावा. १९७४ सालीं रोमहून असें कळविण्यांत आलें कीं, दुसरीं द्रव्यें चालतील कीं नाहीं हें त्या त्या देशाच्या बिशपांच्या परिषदेनें ठरवावें. म्हणजे पॅराफिन लावण्यांत पाप आहे असें कोणीं समजूं नये. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेंत भाविक जे मेणाचे हातपाय व घरें अर्पण करतात, तीं आज बहुधा पॅराफिनचींच असतात.

राहिली ती सुवासिक बत्ती. दोनशें वर्षें खपून माणसानें बत्तीचा वास काढून टाकला, आणि आतां तो पैसे देऊन पुन्हां आंत घालतो! पॅराफिन निर्गंध, म्हणूनच त्यांत शंभरांत सहा ते दहा भाग सुगंधी तेल सहज सामावतें. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सोयाबीनच्या तेलाचें मेण निघालें. तें मऊ असल्यामुळें पेल्यांत ओतून वापरतात. मधमाशीच्या मेणांत मात्र परका सुवास नीट उठत नाहीं. त्याचा स्वतःचा गंध आड येतो. दिवाणखान्यांत गुलाब दरवळला तर आमची तक्रार नाहीं. पण वेदीवर जो वास यावयाचा, तो जळणाऱ्या वस्तूचा स्वतःचा असावा, वरून ओतलेला नसावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेवटीं मंडळींनीं पास्काची मेणबत्ती व वेदीवरील दोन बत्त्या माशीच्या मेणाच्या घ्यावयाच्या, आणि लोकांनीं नवसाला लावावयाच्या बत्त्या पॅराफिनच्या ठेवावयाच्या, असें ठरविलें. नवस करणाऱ्या विधवेच्या पदरावर महागड्या मेणाचा भार घालण्यास कोणीहि तयार नव्हतें. गुलाबाचा तुकडा बैठक संपतांना कोणीतरी घरीं नेला; उरलेले दोन सॅक्रिस्टीच्या खणांत ठेविले आहेत, व खण उघडला कीं त्यांतील एकाचाच वास येतो.