गुत्ता, मक्ता आणि मोहाचं झाड

मराठीत दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतात. पण गुत्ता या शब्दाचा खरा अर्थ आहे ठेका. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात एखादी वस्तू विकण्याचा हक्क घ्यायचा, तो गुत्ता. मक्ता हा त्याचाच भाऊ. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि त्यातून मक्तेदारी झाली. आबकारी तर सरळ फारसी, आब म्हणजे पाणी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे अशा शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो. दारूच्या दुकानाला आपण ठेक्याचं नाव दिलं, कारण आपल्या लोकांना ते दुकान ठेकेदाराचं म्हणूनच भेटलं. हे भेटणं डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात कसं झालं, ते आज सांगायचं आहे.

काही वाचक म्हणतील, दारू हराम आहे, मग तिच्या बाजाराची चर्चा आपण का करावी? चर्चा करायची ती बाजारासाठी नाही, न्यायासाठी. दारूविषयीच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये फक्त पिणारा दोषी धरलेला नाही. गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि तिचा पैसा खाणारा अशी दहा जणांची साखळी तिथे मोजली आहे. आपण मात्र बोट दाखवतो ते बहुतेक वेळा पिणाऱ्याकडे. तिचा पैसा खाणाऱ्याचा इतिहास कमी लिहिला जातो.

एकोणिसाव्या शतकात चारोटी ठाणे जिल्ह्यात होती. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी ही इथली माणसं. चैत्राच्या सुमारास मोहाची फुलं झडत. ती वेचून वाळवायची, भाकरीची टंचाई असेल तेव्हा शिजवून खायची, गुरांना घालायची, आणि थोड्या फुलांची घरीच दारू गाळायची. बियांचं तेल निघे. किनाऱ्याकडे भंडारी लोक माडाची आणि ताडाची ताडी काढत. भट्ट्या लहान आणि विखुरलेल्या होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर विकणारे पुष्कळ होते आणि कुणा एकाच्या हातात भाव नव्हता.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने हे चित्र बदललं. या धोरणामागचा मुख्य अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. पद्धत अशी होती: गावोगावच्या भट्ट्या बंद करायच्या, दारू एका मध्यवर्ती भट्टीत गाळायची, तिथेच गॅलनमागे कर घ्यायचा आणि विक्रीचा हक्क मोठ्या मक्तेदाराला द्यायचा. मक्तेदाराने सरकारला किमान महसुलाची हमी द्यायची. घरी गाळणं गुन्हा झाला. कारण असं दिलं गेलं की दारू महाग झाली म्हणजे लोक कमी पितील.

हमी म्हटली की तेवढी विक्री व्हायलाच हवी. मग मक्तेदाराचे प्रतिस्पर्धी कोण उरले? घरची भट्टी, जी कायद्याने बंद झाली. स्वस्त ताडी, जिच्या झाडांवरचा कर वाढवला गेला. आणि खुद्द मोहाचं फूल. त्याचीही व्यवस्था झाली. १८९२ साली मोहासाठी वेगळा कायदा आला, तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी. फुलं गोळा करणं, साठवणं, विकणं यावर बंधन आलं. दारूचा मक्ता सुरक्षित राहावा म्हणून गरिबाच्या ताटातलं अन्न कायद्याच्या कक्षेत आलं. उर्दूत याला एक नेमका शब्द आहे, इहतिकार. माल अडवून भाव आपल्या हाती ठेवणं. आपल्या धर्मात ते पाप मानलं आहे. इथे तर माल अडवणाऱ्याच्या मागे सरकारच उभं होतं.

शेजारी दमण, तेव्हा पोर्तुगीजांचं. तिथून स्वस्त दारू इकडे येऊ नये म्हणून १८७८ सालीच ब्रिटिशांनी पोर्तुगालशी करार केला आणि आबकारीची आपली पद्धत त्यांच्या मुलखातही नेली. हा करार १८९२ मध्ये संपला. कर वेगळा की चोरटा व्यापार सुरू, हे इथल्या हद्दीला तेव्हापासून ठाऊक आहे.

या भागातले आणि दक्षिण गुजरातमधले बरेच दुकानदार पारशी होते. अनेक ठिकाणी दुकानदारच सावकार आणि जमीनदारही होता. उधारीवर दारू, उधारीपोटी पीक, शेवटी जमीन. एक गोष्ट मात्र आपण मुसलमानांनी तरी विसरू नये. काही व्यापाऱ्यांच्या धंद्यावरून पूर्ण जमातीला नाव ठेवलं जातं तेव्हा काय वाटतं, हे आपल्याला माहीत आहे. दोष त्या मक्त्याचा होता. मक्ता कुणाच्याही हाती गेला असता तरी त्याने हेच केलं असतं.

याला उत्तर दिलं आदिवासींनीच. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून देवीची चळवळ निघाली आणि डोंगरातून दक्षिण गुजरातेत पसरली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर सविस्तर लिहिलं आहे. अंगात आलेली देवी सांगे: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. गुत्ते ओस पडले. ज्या सरकारने लोकांनी कमी प्यावं म्हणून कायदा केला, असं सांगितलं होतं, त्याच सरकारला आता महसुलाची काळजी लागली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली. गुजरातने बंदी ठेवली, महाराष्ट्राने काही वर्षांत ती सैल केली आणि पुन्हा परवान्यांचं राज्य सुरू झालं. चारोटी नाक्यावरून जाताना हे सगळं एका रस्त्यावर दिसतं. वर दारूबंदीचं गुजरात, बाजूला कमी कराचं दमण आणि सिल्वासा, खाली मुंबईचा बाजार. २०१७ मध्ये जीएसटी आला तरी पिण्याची दारू बाहेरच राहिली, म्हणून प्रत्येक राज्याचा दर निराळा. दमणच्या दारूने भरलेले टेम्पो याच महामार्गावर पकडले जातात.

राज्यात विदेशी मद्याच्या दुकानांचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून बंद आहेत. वरवर हे दारूविरोधी धोरण वाटतं. पण संख्या गोठली की जुन्या परवान्याला सोन्याचा भाव येतो आणि नवा प्रतिस्पर्धी दारातच अडतो. १० जून २०२५ ला मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं. त्याच निर्णयात 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार निघाला. धान्यापासूनची ही दारू फक्त राज्यातल्या उत्पादकांनी बनवायची. १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये, विदेशी मद्याची २०५. हा ५७ रुपयांचा फरक बाजाराने ठरवलेला नाही, सरकारी कागदाने ठरवला. म्हणूनच दारूवाल्यांचं खरं युद्ध दुकानात होत नाही, मंत्रालयाच्या मजल्यांवर होतं.

नियमांच्या आडोशाला कंपन्या एकत्रही येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने बिअर कंपन्यांना संगनमताने भाव ठरवल्याबद्दल एकूण सुमारे ८७३ कोटींचा दंड केला. त्यात युनायटेड ब्रुअरीजचा वाटा सुमारे ७५२ कोटींचा. ज्या राज्यांत हे चाललं त्यांत महाराष्ट्र होता. राज्य सरकारकडे दरवाढ मागण्याआधी कंपन्या आपसात ठरवून घेत.

मोहाच्या फुलावरची बंधनं राज्याने २०२१ मध्ये उठवली. १८९२ पासून मोजलं तर मधे १२९ वर्षं गेली. फूल आता वेचता येतं, विकता येतं. त्याची दारू घरी गाळणं गुन्हाच आहे, आणि माझ्या श्रद्धेप्रमाणे ते गाळू नये असंच मी म्हणेन. पण मडक्यात गाळणारी बाई चौकीत आणि लाखो लिटर गाळणारा कारखानदार धोरण ठरवणाऱ्या बैठकीत, या व्यवस्थेला मी दारूबंदी म्हणणार नाही.

डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला दोन अधिकार दिले आहेत: मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण, आणि गौण वनोपजावर मालकी. म्हणजे गुत्त्याला नाही म्हणायचं आणि मोहाला आपलं म्हणायचं, दोन्ही गावाच्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर आपल्या वस्तीतल्या लोकांनीही हजर राहावं. दारू पीत नाही म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं समजून घरी बसू नये.