डालड्याच्या डब्यामागचं निकेल

डालड्याचा तो पिवळा डबा आठवतो ना? आतलं संपलं तरी डबा टाकत नसत. कुणी त्यात डाळ भरली, कुणी तुळस लावली. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या डब्यामागच्या धातूबद्दल, निकेलबद्दल. चिमणीच्या धुराशीही त्याचं जुनं नातं आहे.

तेलात हायड्रोजन वायू सोडला की ते थिजून घट्ट होतं. पण नुसता सोडून भागत नाही, निकेलची भुकटी मध्ये लागते. निकेल मात्र तसंच राहतं. सोयरीक जुळवून आपल्या घरी परत जाणाऱ्या मावशीसारखं. याला उत्प्रेरक म्हणतात. निकेलची ही करामत फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी शोधली, १९१२ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला.

त्याच साबातिएंनी १९०२ साली सांदेरां या सहकाऱ्यासह आणखी एक दाखवलं होतं. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन तापलेल्या निकेलवरून सोडले की मिथेन होतो, गोबरगॅसमधला जळणारा वायू. डबा घरोघर पोचला, ही गोष्ट मागे पडली. धूर फुकट सोडता येत होता, मग त्यावर पैसा कोण घालणार?

आता हवा तापू लागल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा तिकडे वळलेत. उत्प्रेरकाचे कण ते केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक करतात, त्यालाच नॅनो म्हणतात. अख्खी ज्वारी उशिरा भिजते, पीठ लगेच, तसंच हे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं मिथेनॉलपासून डायमिथाइल ईथर काढलं. ते स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळता येतं, त्यासाठी शेगडीही बनवली. आणि २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या विंध्याचलच्या एनटीपीसी केंद्रात धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉलच तयार झालं.

एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आपल्या फताटेवाडीलाही आहे. इथं असं काही करायचं ठरलं, तर आम्ही गटातल्या बायका आधी विचारू: हायड्रोजन कशातून काढणार? पाण्यात वीज सोडून काढायचा तर किलोमागे निदान ९ लिटर पाणी जातं. वीज कोळशाचीच वापरली तर धूर उलट वाढेल, म्हणून ती उन्हाची हवी. ऊन आपल्याकडे हवं तेवढं आहे. पाणी उजनीचं, आणि शहरात नळ काही दिवसांआड येतो.